वाचनालयातल्या नकाशावरचं एक टिंब

श्रावणातली दुपार होती. पाऊस उघडून-उघडून पडत होता आणि वाचनालयात मी एकटीच होते. दारात एक बाई आल्या, साठीच्या पुढच्या. छत्री बाहेर कोपऱ्यात उभी केली, चपला काढल्या आणि सरळ भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन उभ्या राहिल्या. बोट न लावता थोडा वेळ काहीतरी शोधत होत्या. मग पिशवीतून मोबाईल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

“टीचर, हें तांबडें टिंब आमच्या घराचेर कोणें दवरलां?”

स्क्रीनवर उपग्रहातून दिसणारं त्यांचं घर होतं. कौलांचं छप्पर, पुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावनाचा चौकोनी ठिपका. कुठलं पुस्तक कुठे घडतं ते दाखवणाऱ्या आमच्या नकाशातलं टिंब छप्पर आणि तुळस यांच्या मधोमध बसलं होतं. त्यावर बोट टेकवलं की एका जुन्या कादंबरीचं नाव उघडायचं. देवळाच्या सेवेला वाहिलेल्या एका घराण्याची ती गोष्ट आहे, आणि त्यातल्या एका मुलीची फार वाईट परवड होते.

कादंबरीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, गावाचंही नाही. लिहिलं तर ते टिंब आणखी एकदा लागेल. बाकी जे घडलं ते मात्र सगळं लिहिते, कारण असा नकाशा करावा असं वाटणारी आणखी वाचनालयं आहेत. त्यांनी तो करावाच, पण आमच्या हातून काय झालं ते आधी वाचून.

नकाशा कशामुळे सुरू झाला

आमचं वाचनालय फोंडा तालुक्यातल्या एका गावात आहे. दोन खोल्या, सहा कपाटं, संध्याकाळी येणारे पंधरा-वीस वाचक. मी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर दुपारची वेळ इथे बसते.

नकाशाची कल्पना सातवीतल्या एका मुलाच्या प्रश्नातून आली. खांडेकर शिरोड्याला शिक्षक होते असं त्याने धड्यात वाचलं होतं. “म्हणजे आपल्याच शिरोड्याला ना?” त्याच्या मामाचं घर आमच्या शिरोड्याला, जुवारीच्या काठी, याच तालुक्यात. मी नकाशा काढून दाखवला. खांडेकर १९२० साली ज्या शाळेत रुजू झाले ते शिरोडे वेंगुर्ला तालुक्यातलं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. दोहोंमध्ये सरळ रेषेत साठाहून जास्त किलोमीटर अंतर. मुलगा थोडा हिरमुसला, पण लगेच म्हणाला, “मग आपल्या शिरोड्यावर कुठलं पुस्तक आहे?”

तिथून सुरुवात झाली. गोवा आणि लगतचा कोकण यांचा मोठा नकाशा छापून भिंतीवर लावला. नियम एकच ठरला: स्वतः वाचलेलं पुस्तकच लावायचं. वाचकाने चिठ्ठीवर पुस्तक, लेखक आणि त्यातली जागा लिहून द्यायची. चिठ्ठीवरून मी वहीत नोंद करायची आणि कॉलेजात शिकणारी आमची एक मुलगी ती संगणकात भरायची, म्हणजे तोच नकाशा मोबाईलवरही दिसेल.

पहिल्या दोन महिन्यांत वाचनालयात एवढं बोलणं झालं की त्याआधीच्या दोन वर्षांत झालं नसेल. ‘तुंबाडचे खोत’ जगबुडीच्या काठी लागली, तेव्हा दोघेजण त्या नदीवरून मुंबईला कितीदा गेले होते हे आठवून सांगू लागले. दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ १९८१ ची. तिच्यासाठी एक टाचणी गोव्यात आणि दुसरी कुवेतमध्ये हवी होती. आमच्या नकाशात कुवेत नव्हतं, म्हणून भिंतीच्या डाव्या अंगाला, खिडकीच्या चौकटीच्या पलीकडे कागदाचा तुकडा चिकटवून तिथपर्यंत दोरा ओढला. अर्ध्या गावाचं कोणी ना कोणी आखातात राहून आलेलं. त्या दोऱ्यापाशी माणसं उगाच उभी राहायची.

सोप्या चुका, आणि ज्या सोप्या नव्हत्या

काही चुका पहिल्याच आठवड्यात सापडल्या. फोंड्याचे अक्षांश १५.४ च्या आसपास आणि रेखांश ७४. रकाने उलटे भरले की हेच आकडे नॉर्वेच्या उत्तरेला गोठवणाऱ्या समुद्रात नेऊन टाकतात. आमच्या पाच कथासंग्रहांना एक रात्र तिथे काढावी लागली. ही चूक डोळ्यांना लगेच दिसते, म्हणून ती धोक्याची नाही.

गावांच्या नावांचा घोळही तसाच. मोबाईलवरच्या नकाशात रोमन अक्षरांतली पोर्तुगीज वळणाची नावं असतात. साखळीचं ‘सांक्वेली’, हळदोण्याचं ‘आल्दोना’, चोडणचं ‘शोरांव’. देवनागरीत ‘केळशी’ शोधलं तर दापोलीची केळशी पुढे येते आणि आपली मुरगावातली मागे राहते. यावर उपाय म्हणून वहीत दोन रकाने केले, पुस्तकात छापलंय तसं नाव आणि आजचं नाव.

लेखकाचं गाव तेच पुस्तकाचं गाव समजण्याची सवय घालवायला जास्त दिवस लागले. जयवंत दळवी जन्मले बार्देशातल्या हडफड्यात, म्हणून कोणीतरी ‘सारे प्रवासी घडीचे’ची चिठ्ठी हडफड्यावर लावली. त्या पुस्तकातली माणसं, देवचार, शाळामास्तर सगळे वेंगुर्ल्याकडच्या मातीतले आहेत. राशोलला छापलेल्या क्रिस्तपुराणाचंही तसंच. फादर स्टीफन्सनी ते मराठीत लिहिलं, १६१६ साली सासष्टीत छापलं गेलं, त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज ठाऊक नाही. पण त्यातली कथा घडते बेथलेहेमात आणि जेरुसलेमात. आमच्यातल्या एकाला टाचणी राशोललाच हवी होती, आणि त्याचा आग्रह मला मनातून पटत होता. शेवटी घडण्याची जागा भरीव टाचणीने आणि लिहिण्याची पोकळ टाचणीने दाखवायची असं ठरलं.

खरा पेच आला तो ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. सोळाव्या शतकातल्या गोव्यावरच्या एका कादंबरीत मंगेशाचं देऊळ येतं. वाचकाने टाचणी लावली मंगेशीला, प्रियोळात. पण १५६० पूर्वी मंगेश तिथे नव्हता. तो होता जुवारीच्या मुखाजवळ, कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला. तिथून भक्तांनी लिंग उचललं आणि नदीपलीकडे, पोर्तुगिजांच्या अंमलाबाहेरच्या मुलखात आणलं. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. आमच्या फोंड्यात एवढी मोठी देवळं इतक्या जवळ-जवळ का, याचं उत्तरच हे आहे. त्यामुळे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडणाऱ्या कादंबरीतली घंटा मंगेशीला वाजवली तर ती कादंबरी चुकीच्या नदीकाठी वाजते.

शहराचंही तेच. पुस्तकात नुसतं ‘गोवा शहर’ म्हटलं असेल तर कुठे जायचं? कदंबांच्या काळातलं असेल तर गोपकपट्टणाकडे, आजच्या गोवा वेल्हात. पुढच्या काळातलं असेल तर जुन्या गोव्यात, जिथे आज चर्चं आहेत आणि राहती वस्ती तुरळक. १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला, त्यानंतरचं असेल तर पणजीत. एकाच नावाच्या तीन जागा, आणि कुठली घ्यायची ते पुस्तकातला काळ ठरवणार.

आणि कुर्डी. मोगूबाई कुर्डीकरांवरचं लेखन वाचून एका वाचकाने सांगे तालुक्यातल्या कुर्डीवर टाचणी लावली. साळावली धरणात ते गाव गेलं, लोकांना दुसरीकडे वसवलं. कुर्डीचं महादेवाचं जुनं देऊळ दगडन्‌दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलेलं आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं की घरांची जोती, झाडांचे बुंधे वर येतात आणि माणसं तिथे जाऊन आपापली जोती ओळखतात. नकाशावर मात्र तिथे निळा रंग आहे. टाचणी पाण्यातच राहू द्या, असं त्या बाजूच्या एका आजोबांनी निक्षून सांगितलं. ती राहिली.

एवढं सगळं निस्तरल्यावर आम्हाला वाटलं, आता नकाशा चोख झाला. त्याच सुमारास त्या बाई आल्या.

टिंब कोणाकोणाच्या हातून गेलं

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्या-उभ्याच बोलल्या. भाच्याने व्हॉट्सॲपवर आलेला नकाशा दाखवला होता. नातीला वर्गात कोणीतरी विचारलं होतं, तुझ्या घरावर पुस्तक लिहिलंय का म्हणून. “माझी आजी देवळात गायची,” त्या म्हणाल्या. “हें हांव लिपयना. पूण ह्या पुस्तकांतली बायल ती न्हय.” हे मी लपवत नाही, पण पुस्तकातली बाई ती नव्हे.

मी टिंब तेव्हाच, त्यांच्या समोर काढलं. त्यांनी मान हलवली, छत्री घेतली आणि गेल्या. त्या रात्री मी वही, चिठ्ठ्यांचा डबा आणि संगणकातली यादी घेऊन बसले.

चिठ्ठी सापडली. आमच्या वाचकांपैकी एक काका पोस्टमन होते, आता निवृत्त. त्यांनी निळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं: कादंबरीतल्या गावाचं नाव, आणि पुढे ‘फोंडा महालात असावं’.

वहीतली नोंद माझ्या अक्षरातली. गावाचं नाव, पुढे ‘फोंडा’. ‘असावं’ नाही.

ते मीच गाळलं होतं. रकान्याचं नाव ‘तालुका’ होतं, त्यात एक शब्द मावत होता, आणि इतकी वर्षं मुलांना नकाशा भरायला लावताना मी हेच तर शिकवत आले होते की रकान्यात नाव लिहायचं, वाक्य नाही. कादंबरीतलं गाव कल्पित आहे. लेखकाने कुठेही त्याचा तालुका सांगितलेला नाही. काकांनी बोलीवरून, देवळाच्या वर्णनावरून, कुळागरांवरून, म्हणजे पोफळीच्या बागांवरून, अंदाज बांधला होता आणि तो अंदाज आहे हे प्रामाणिकपणे एका क्रियापदात सांगितलं होतं.

पुढचा हात त्या मुलीचा. तिने यादी संगणकात चढवली तेव्हा अक्षांश-रेखांश रिकामे असलेल्या ओळी नकाशावर उमटल्याच नाहीत. लाल अक्षरांत सूचना आली, इतक्या ओळींचं ठिकाण सापडलं नाही. ती कामाची चोख मुलगी. तिने एकेक नाव शोधायला सुरुवात केली. कल्पित गावाच्या नावाशी शेवटची तीन अक्षरं जुळणारा एक खरा वाडा याच तालुक्यात निघाला. तिने त्यावर बोट टेकवलं. मोबाईलने दशांशचिन्हापुढे पाच आकडे दिले आणि ते तिने तसेच उतरवले.

या पाच आकड्यांचं गणित मी शाळेत शिकवलेलं आहे, म्हणून ते मला जास्त बोचतं. अंशाच्या दशांशात पहिला आकडा साधारण अकरा किलोमीटर सांगतो. दुसरा एक किलोमीटरच्या थोडं वर. तिसरा शंभर-सव्वाशे मीटर, म्हणजे एक वाडा. पाचव्याला आपण एका मीटरवर येतो, म्हणजे अंगणातल्या तुळशीवर. पुस्तकाला तालुकाही नक्की ठाऊक नव्हता आणि आमच्या नकाशाला तुळस ठाऊक होती.

शेवटचा हात पुन्हा माझा. प्रसिद्ध करण्याआधी मी नकाशा तपासला होता. पण तपासलं काय? सगळी टिंबं जमिनीवर आहेत ना, कोणी समुद्रात तर गेलं नाही ना. जे टिंब चुकीचं दिसत होतं तेवढंच मी शोधत होते. हे तर अगदी बरोबर दिसत होतं, देवळापासून हाकेच्या अंतरावर.

दुरुस्ती

टिंब काढणं सोपं होतं. ते पसरलेलं गोळा करणं नव्हतं. दुव्याने नकाशा उघडणाऱ्यांना बदल आपोआप दिसतो, पण काहींनी फाईलच उतरवून घेतली होती, आणि उतरवलेली फाईल आपल्या जागी जशीच्या तशी राहते. कोणाकोणाला पाठवली ते आठवून एकेकाला फोन केला. कोणालाही कारण सांगितलं नाही. जुनी फाईल काढा, नवी पाठवते, एवढंच. स्क्रीनवरचे फोटो किती फिरले असतील ते देव जाणे.

माफीचा फलक लावावा, असं आमच्या समितीत दोघांचं म्हणणं पडलं. मला ते पटेना, आणि मी बाईंनाच विचारायला गेले, त्या मुलीला घेऊन. चतुर्थी जवळ आली होती, स्वयंपाकघरात नेवऱ्यांचं चाललं होतं. मुलगी बोलायच्या आधीच रडायला लागली. बाईंनी तिला लाटायला बसवलं. फलकाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, फलक कशाला, ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळेल. तो विचार तिथेच संपला. जिथे चुकीमुळे कोणाकडे बोट दाखवलं गेलं असेल, तिथे जाहीर दुरुस्तीही त्याच घराकडे बोट दाखवते. माफी दारात जाऊनच मागायची असते.

वाचकांच्या बैठकीत मात्र चांगलंच वाजलं. एकाचं मत, कथा-कादंबऱ्या काढूनच टाका, चरित्रं आणि प्रवासवर्णनं ठेवा. दुसरा म्हणाला, कादंबरी म्हटली की ती खोटी हे सगळ्यांना ठाऊक असतं, एवढं मनावर काय घ्यायचं. यावर पोस्टमन काका बोलले. ते सहसा बोलत नाहीत. “पत्ता अपुरा असला तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. नाव जवळपास जुळतंय म्हणून मी कधी कोणाच्या दारात टाकलं नाही.”

मग मी त्यांची चिठ्ठी सगळ्यांना दाखवली आणि माझी वहीही. ‘असावं’ कुठे गळलं ते दाखवलं. त्या संध्याकाळी वहीत एक रकाना वाढला. त्याला नाव काय द्यायचं यावर खल झाला. ‘खात्री’ म्हणावं, आणि शंभरपैकी गुण द्यावेत, असं मुलीने सुचवलं. पण ऐंशी टक्के आणि साठ टक्के यांत फरक कोण करणार? त्यापेक्षा मराठीने आधीच करून ठेवलेला फरक चांगला होता. आम्ही त्या रकान्यात क्रियापद लिहायला लागलो.

पुस्तक स्वतः सांगतं की अमुक गावात घडलं आणि ते गाव आहे, तर ‘आहे’. तिथे टाचणी. गाव किंवा देऊळ तेव्हा होतं, आज तिथे नाही, तर ‘होतं’. कुर्डी, कुशस्थळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा ‘होतं’मध्ये गेली आणि त्यांच्या टाचण्यांना वर्षाची चिठ्ठी लागली. वाचकाचा अंदाज असेल तर ‘असावं’, आणि तिथे टाचणी लावायचीच नाही. जेवढं पुस्तक सांगतं तेवढा भाग पेन्सिलीने घेरायचा. ‘बनगरवाडी’ माणदेशातली, एवढं पुस्तकावरून कळतं, तर अख्ख्या माणदेशाभोवती रेघ. नुसती मांडवी कळत असेल तर मांडवीचे दोन्ही काठ. महादेवशास्त्री जोशींच्या कितीतरी कथांत सत्तरीचं रान ओळखू येतं. शास्त्रीबुवांचं आंबेडे तिथलंच, पण कथा आंबेड्याची आहे असं कथा म्हणत नाही. म्हणून सत्तरी महालाची हद्द हलक्या हिरव्या रंगाने रंगवली. ‘असावं’च्या रेघा इतक्या झाल्या की नकाशा आधीपेक्षा अस्वच्छ दिसू लागला. मला तो असाच आवडतो.

पाच दशांशही गेले. ‘आहे’साठी तीन, गाव कळेल इतके. घर कोणाचंही दाखवायचं नाही. अपवाद एकच, माणसाने स्वतःच्या नावाने स्वतःचं गाव सांगितलं असेल तर. राजाराम पैंगीणकरांचं ‘मी कोण?’ हे आत्मकथन आहे. देवळाशी बांधलेल्या याच समाजात जन्मून त्यांनी ती प्रथा मोडण्यासाठी आयुष्य घातलं, आणि गाव तर त्यांच्या आडनावातच आहे. पैंगीणवर त्यांची टाचणी आहे आणि ती राहील. स्वतःचं नाव लावून उभं राहणं वेगळं आणि दुसऱ्याने दारावर खिळा ठोकणं वेगळं.

ज्या गावाला नकाशात जागा नाही

चौथं क्रियापद ‘नाही’. कल्पित गावं. यांचं काय करायचं ते बरेच दिवस कळेना. ती गाळावीत असं वाटेना, कारण नकाशावर येण्याचा हक्क त्यांना कमी का असावा? मालगुडी भारताच्या नकाशात नाही, पण मालगुडीचा नकाशा आहे, वाचणाऱ्याने पुस्तकांवरून रेखाटलेला.

आणि आपल्याकडे हे काम सहाशेहून जास्त वर्षांपूर्वी झालेलं आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामी जिथे-जिथे गेले, राहिले, बसले, त्या जागांची नोंद महानुभावांनी चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’त केली. त्यात अंश-कला कुठून असणार? गावाच्या कुठल्या दिशेला देऊळ, त्याचं दार कुणीकडे, त्याच्या बाजूला काय. एक ग्रंथ वाचून त्यातल्या जागांचा दुसरा ग्रंथ करणारे वाचक मराठीत तेव्हाच होते. माझ्या डोक्यात ते आलं आणि वाट सापडली. कल्पित गावाला स्वतःचा कागद द्यायचा. त्यावर फक्त पुस्तकातल्या दिशा, पुस्तकातली अंतरं. आमच्या भिंतीशी त्या कागदाचा काही संबंध नाही.

‘ट्रेझर आयलंड’ची गोष्टही मी बैठकीत सांगितली. स्टीव्हन्सनने १८८१ मध्ये आधी बेटाचा नकाशा काढला, त्यातून कादंबरी सुचली. पुढे पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा प्रकाशकाकडे पाठवलेला नकाशा हरवला, आणि त्याला स्वतःच्याच पुस्तकातले सगळे उल्लेख जमवून त्यांत बसेल असा नकाशा नव्याने आखावा लागला. आम्हालाही तेच करायचं होतं.

तीच कादंबरी पहिली घेतली. सहा शनिवार लागले. एकजण मोठ्याने वाचणार, जागेचा उल्लेख आला की थांबवायचं, पान टिपायचं. नुसतं वाचताना जे डोळ्यांखालून निघून जातं ते असं वाचताना हाताला लागतं. मुलगी सकाळी घागर घेऊन तळीवर निघते तेव्हा ऊन डोळ्यांवर येतं, म्हणजे तळी घराच्या पूर्वेला. संध्याकाळचा नगारा घरात नीट ऐकू येतो, पण पलीकडच्या आवाठात, म्हणजे वाड्यात, पाऊस असला की येत नाही, म्हणजे देऊळ जवळ आणि मधे मोकळी शेतं. कुळागरातून आलं की साकव लागतो, साकवावरून मानशीचं, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं, दार दिसतं. भरतीला ती वाट बंद होते, म्हणजे पाणी खारं, खाडी दूर नाही. पट्टीच्या जागी आम्ही किलोमीटर लिहिले नाहीत. घागर भरून परत येण्याचा वेळ ही आमची पट्टी. कागदाच्या वर उत्तर दाखवली, खाली पुस्तकाचं नाव, आणि प्रत्येक खुणेशी पानाचा आकडा.

त्या मुलीचं घर आम्ही देवळाच्या उत्तरेला काढलं. नगाऱ्यावरून तसं वाटलं.

दिवाळी झाल्यावर त्या बाई पुन्हा आल्या. या खेपेला बसल्या. कागद पाहिला आणि ते पुस्तक मागितलं. आजवर त्यांनी ते वाचलेलं नव्हतं, त्याबद्दल फक्त ऐकत आल्या होत्या. मी नोंद करून दिलं. पंधरा दिवसांनी परत आणलं तेव्हा आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती: ‘पान १४३ पहा. घर चुकलें.’

पान १४३ वर पालखी आहे. चौकातून पालखी निघते आणि पहिली थांबते ती त्याच घरापाशी. आम्ही तो उल्लेख टिपला होता, पण त्यातून काही काढलं नव्हतं. बाईंनी कागदावर बोट ठेवलं. देऊळ पूर्वेला तोंड करून आहे हे तुम्हीच लिहिलंय. पालखी देवळाला उजवी घालून फिरते. चौकातून निघून देऊळ उजव्या हाताला ठेवलं तर पहिली बाजू कुठली येते?

दक्षिण. खोडरबर माझ्या हातात होतं, ते त्यांनी घेतलं. घर पुसून देवळाच्या दक्षिणेला स्वतः काढलं, अंगणासह. पुढे तुळशीचा चौकोनही काढला. साकव मग कुठे जाईल, तळीची वाट कशी वळेल, हे सगळं आता नव्याने बघावं लागणार. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, शनिवारी बसूया.